दुपट्ट्याची गाठ

मुखरूनं दोन्ही मनगटं दुपट्ट्यात गुंडाळली आणि गाठीचं टोक दातात धरून करकचून ओढलं. होडी लाटेवर चढली तसा तो मागे कलंडला, पण गाठ सुटली नाही.

"हे काय करून राह्यला बे?" रॉड सांभाळत नूर मोहम्मदनं विचारलं.

"हात बांधून राह्यलो. माह्या हाताचा भरोसा नाई."

खरंच नव्हता. आदल्या दिवशी नूरच्या गळाला चांगला जाडजूड मासा लागला आणि मुखरूनं सवयीनं पुढे होऊन रॉडला हात लावला. मासा वर आला, पण मोजला गेला नाही. ज्याच्या गळाला लागेल त्यानं एकट्यानं मासा काढायचा, जोडीदाराचं बोटसुद्धा रॉडला किंवा दोरीला लागता कामा नये, असा या समुद्रावरच्या स्पर्धेचा नियम. विदर्भातल्या सावली गावाहून येताना गाडीत नूरनं तो पुन्हा पुन्हा समजावला होता, मुखरूनंही मान डोलावली होती. पण मान वेगळी आणि हात वेगळे.

वैनगंगेच्या काठावर सगळं याच्या उलट चालतं. मोठा मासा लागला की सोबत्यानं धावत येऊन काठीला हात लावायचा. ज्याचा हात लागला त्याचा वाटा. हात न लावणं म्हणजे भांडण. या दोघांचं एकदा तसं भांडण झालंही होतं, कशावरून ते आता दोघांनाही सांगता येत नाही. त्या दिवशी नूरला मोठी मरळ लागली आणि मुखरू लांब, पाठीमागे हात बांधून उभा राहिला. नूरच्या बायकोनं, अख्तरीनं, मसाला वाटून मरळ शिजवली, पण घास काही नूरच्या घशाखाली उतरेना. शेवटी रश्शानं भरलेला सगळा गंजच उचलून तो मुखरूच्या दारात गेला. मुखरूच्या बायकोनं, वच्छलानं, दोघांना एका ताटात वाढलं आणि वरून दोघांना चांगलं फैलावर घेतलं.

तर असे हे दोघं. नूरचं सावलीत सायकल दुरुस्तीचं दुकान. लेकीनं, शाजियानं, मोबाईलवरून या स्पर्धेत दोघांचं नाव घातलं तेव्हा अख्ख्या बाजाराला हसायला विषय मिळाला. सावली कुठी, समुद्र कुठी! दुकानातल्या एका फळीवरचे पंक्चरच्या सामानाचे डबे नूरनं खाली उतरवले आणि फळी पुसून बक्षिसाच्या कपासाठी मोकळी ठेवली. गिऱ्हाइकं थट्टा करत आणि तो फळी पुसत राही. मुखरूनं हे पाहिलं होतं. म्हणूनच धानाची कापणी वच्छलावर टाकून तो आला होता, आणि म्हणूनच काल रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत होता.

आज शेवटचा दिवस. ऊन डोक्यावर आलं आणि रीळ एकदम किंचाळलं.

नूरनं पाय रोवले. दोरी सरसर पळाली, थांबली, पुन्हा पळाली. दूर पाण्यावर रुपेरी पाठ चमकली तसा होडी हाकणारा तांडेल ओरडला, "सुरमई! ह्येच्यापेक्षा मोठी कोणाक गावूक नाय. कप तुमचोच, काका!"

पंच म्हणून बसलेली प्रिया उठून उभी राहिली. मुखरू मात्र जागचा हलला नाही. नूर मागे रेलला की तो मागे रेलत होता, नूरनं रीळ फिरवलं की त्याचे बांधलेले हात मांडीवर फिरत होते.

नूरचे दंड भरून आले, पण मासा त्याच्याहून जास्त दमला होता. आता तो होडीपासून दोन हातांवर लोळत होता. फक्त वर घ्यायचा उरला होता. नूरनं एकदा मागे वळून पाहिलं. मित्र पुन्हा हात बांधून बसलेला त्याला पाहवेना.

"मुखरू, इकडं ये."

"काऊन?"

"हात लाव."

"पागल झाला काय? कप जाईन!"

"जाऊ दे. ये लवकर, निसटून राह्यला."

निसटत बिसटत काही नव्हता, हे मुखरूला कळत होतं. तो उठला आणि पुन्हा बसला. "नाई, नूर. तू काढ. फळी रिकामी राहीन."

"तुह्या हाताबिगर मासा मले गोड लागत नाई. मालूम हाये ना तुले?"

मुखरू तसाच उठला. गाठ सोडायचं भानही त्याला राहिलं नाही. बांधलेले दोन्ही हात त्यानं नूरच्या हातांच्या वर, रॉडवर ठेवले आणि दोघांनी मिळून ओढलं. तांडेलानं कपाळावर हात मारला.

"काका," प्रिया हळूच म्हणाली, "आता हा मासा मोजणीत धरता यायचा नाही."

"ठावं हाये, बाई," नूर म्हणाला. "तुमच्याकडं धरू नका. आमच्याकडं धरला."

मासा होडीत आडवा पडला. होडी किनाऱ्याकडे वळली. मुखरूनं मान खाली घालूनच विचारलं,

"बाजारात काय सांगशीन?"

"दोन वाटे झाले म्हणून सांगीन."

"आन् फळी?"

"डब्बे ठेवू. लय दिवस झाले, पायात येऊन राह्यले."

मुखरूला हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही. त्यानं हात पुढे केले. ओला दुपट्टा आवळून बसला होता, नूरच्या बोटांना काही केल्या गाठ सुटेना. शेवटी त्यानं वाकून ती दातात धरली.

"खारट हाये बे."

"समुद्राचं पानी हाये ते," मुखरू म्हणाला आणि त्यानं तोंड पलीकडे फिरवलं.