इद्वलच्या दारचा खड्डा

या, जरा जवळ सरकून बसा. वेल्समधल्या आमच्या खोऱ्यातल्या एका खड्ड्याची गोष्ट सांगतो.

इद्वल चाळीस दुभत्या गाईंचा शेतकरी. लोकांनी त्याला कौन्सिलवर निवडून दिलं आणि तेरा वर्षांत त्याने सगळ्यांचे रस्ते करून घेतले. राहिला एकच, त्याच्या गोठ्याकडे चढणारा. त्या रस्त्यावर दुसरं घर नाही, आणि स्वतःसाठी मागायला इद्वलची जीभ रेटेना.

शुक्रवारी दुधाचा टँकरवाला म्हणाला, "गुरुवारपासून मी वर येणार नाही. तुझ्या दारच्या त्या खड्ड्यापायी एक दिवस गाडीसकट ओढ्यात जाईन."

"म्हणजे दूध ओतून द्यायचं?" इद्वलची बायको नेस्टा नवऱ्यावर तडकली. "एक अर्ज लिहायला हात मोडलाय का तुझा?"

"लोक म्हणतील, निवडून आला आणि आधी आपल्याच दारात डांबर ओतलं."

"तेरा वर्षांनी? हे 'आधी' झालं होय?"

रविवारी चॅपलात पाहुण्या धर्मोपदेशकांनी शेवटाला प्रवचन असं सुरात चढवलं की इद्वलचे डोळे भरून आले. पण बाहेर पाऊल टाकतो तोच तक्रारींनी गाठलं. कुणाचा दिवा, कुणाचं कुंपण.

"माझंही दूध गुरुवारपासून..."

"दुधाचं राहू दे रे, आमच्या दिव्याचं बोल."

वैतागून तो चॅपलामागच्या वाटेने घरी सटकला. ऐंशीच्या मार्गेड मावशी गटाराची तक्रार घेऊन, आपल्या चिमुकल्या मोटारीतून थेट त्याच्या घराकडे निघाल्या. मोटार खड्ड्यात पोटापर्यंत रुतली. मावशी उतरायला गेल्या आणि गुडघ्यावर आपटल्या.

चिखलाने माखून त्या दारात उभ्या राहिल्या. "इद्वल, स्वतःच्या दारचा रस्ता होत नाही तुझ्याच्यानं, माझं गटार काय करणार तू? कागद आण."

त्याच्याच टेबलावर बसून त्यांनी त्याच्याविरुद्ध तक्रार लिहिली. नेस्टाने चहा पुढे केला. "'आळशी' पण लिहा मावशी."

सोमवारी बैठकीत तक्रार निघाली. विषय स्वतःच्या रस्त्याचा, म्हणून नियमाप्रमाणे इद्वल बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. आतून हसण्याचा आवाज येत होता. बाई पडल्यात म्हटल्यावर कुणाला फाटे फोडता येईनात. बुधवारी डांबर पडलं, गुरुवारी टँकर वर आला.

आज प्रार्थनेला बसाल तेव्हा मार्गेड मावशींची आठवण ठेवा. गुडघा अजून दुखतो त्यांचा, आणि गटार अजून तुंबलेलंच आहे.