डेमोसाठी चालू केलेलं कार्ड

माझ्या लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड आजारी आहे, हे अख्ख्या नांदेडात दोघांनाच ठाऊक होतं. एक मी आणि दुसरे दुरुस्तीच्या दुकानातले अकरमभाई. त्यांनी लॅपटॉप उघडला, आत फुंकर मारली आणि डॉक्टर नातेवाइकाला घेतो तसं मला बाजूला घेतलं.

"सर, याच्यात दोन कार्ड हायत. मोठं गेलं, तापलं की चित्र थरथरतंय. बारकं ठणठणीत हाय. मोठ्याला मी सेटिंगमधून बंद करून टाकलो. आता त्याला छेडू नका."

"आणि चालू केलं तर?"

"सोये हुए कू कायकू उठाते, सर?"

तेव्हापासून माझा कारभार बारक्या कार्डावर चालला. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. पडद्यावर लंबक झोके घेतो असं चित्र लावायचो, आणि तो लंबक गुडघे दुखणाऱ्या म्हातारीसारखा थांबत थांबत जायचा. मी पोरांना ठणकावून सांगायचो, "मुद्दाम हळू दाखवतोय, नीट कळावं म्हणून." पोरं मान डोलवायची. मास्तरकीत हे एक बरं असतं, आपल्या अडचणीलाही पद्धत म्हणता येतं.

मग लातूरहून बोलावणं आलं. ईश्वरप्पा सरांच्या क्लासमध्ये जागा होती, आधी डेमो तास घ्यायचा होता. नांदेडात मला गल्लीतले लोक ओळखायचे, लातूरला मास्तरांचे फोटो चौकातल्या फ्लेक्सवर लागतात. फ्लेक्सचा मोह मला नव्हता असं म्हटलं तर माझी बायकोही हसेल. पण खरं कारण आई होती. विठाबाई, माझी आई, किल्लारीत एकटी राहते आणि गाव सोडायला तयार नाही. लातूरला नोकरी लागली तर दर रविवारी तिच्या हातची भाकरी खाता आली असती. मला ती नोकरी हवीच होती.

किल्लारीचं नाव निघालं की लोक भूकंपाचं विचारतात. तो झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मी त्यावर बोलत नाही. कोणी फारच खोदून विचारलं तर भूकंपलहरींचं सूत्र सांगतो, म्हणजे विचारणारा आपोआप उठून जातो.

डेमोचा हॉल तिसऱ्या मजल्यावर होता. बाकं गच्च भरलेली, आणि सगळ्यात मागं, दाराला लागून, पांढऱ्या शर्टात ईश्वरप्पा सर. त्यांना पाहिलं आणि माझ्या मनात आलं, इथं अडखळणारा लंबक दाखवायचा? नाकच कापलं जाईल. विनाशकाले विपरीत बुद्धी म्हणतात ती हीच. मी सेटिंगमध्ये गेलो आणि झोपलेलं मोठं कार्ड उठवलं.

सुरुवातीला काय झोके घेतले लंबकानं! मीच माझ्या तासावर खूश झालो. मग लॅपटॉपचा पंखा घुरघुरायला लागला. घुरघुर वाढली, लाकडी टेबल तिला साथ द्यायला लागलं, आणि पायाखालून आवाज आल्यासारखं झालं. मी मान वर केली. समोर प्रोजेक्टरनं भिंतभर पडलेलं चित्र गदगदा हलत होतं. मला चित्र दिसलंच नाही. भिंत दिसली.

"भायेर! भायेर निघा!"

हे कोण ओरडलं ते मला जिन्यात कळलं, कारण तोवर मी दुसऱ्या मजल्यावर होतो. माझ्या पुढं आणखी कोणीतरी एक चप्पल हरवून धडधडत उतरत होतं. रस्त्यावर पोचल्यावर पाहिलं तर पांढरा शर्ट. माझी परीक्षा घ्यायला बसलेले ईश्वरप्पा सर माझ्याही आधी खाली आले होते.

समोरच्या टपरीवर लोक निवांत चहा पीत होते. विजेच्या तारा जागच्या जागी होत्या. आता मला माझं भौतिकशास्त्र आठवलं.

"कुठं काय हलंना की," सर धापा टाकत म्हणाले.

"न्हाई सर. ते माझं ग्राफिक्स कार्ड होतं."

सगळं सांगितलं. नोकरी गेली हे धरूनच सांगितलं. सरांनी वेगळंच विचारलं.

"गाव कोणतं तुमचं?"

"किल्लारी."

"मी सास्तूरचा," ते म्हणाले. सास्तूरही त्याच भूकंपात पडलं होतं.

वरून हसण्याचा आवाज आला. तिसऱ्या मजल्याच्या खिडक्यांत पोरं गर्दी करून आम्हाला बघत होती, एकमेकांना ढोसत होती. मीही हसायच्या बेतात होतो. तेवढ्यात सर हळूच म्हणाले, "पोरं वरच हायत."

खरंच झालं असतं तर? दोन जाणती माणसं रस्त्यावर आणि सगळा वर्ग वर. मला लाज वाटली.

"मी ओरडलो होतो, सर."

"मीबी ओरडलो. त्यांला वाटलं, धड्यातलं हाय." सरांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "भूकंपानंतर जन्मलेली लेकरं ही. त्यांला काय म्हाईत? सोमवारपासून या तुम्ही. पण पहिल्या तासाला लंबक नको. बाकाखाली कसं बसायचं, जिना कसा उतरायचा, ते शिकवा. अन् मास्तर सगळ्यांत शेवटी."

सोमवारी शिकवलं. एकेक रांग उठून बाहेर पडत होती आणि मी दाराशी उभा होतो. नुसता सराव होता, लॅपटॉप पिशवीत बंद होता, तरी माझे पाय जिन्याकडं ओढ घेत होते. चौकट घट्ट धरून ठेवली. शेवटच्या बाकावरची एक मुलगी सँडलचा पट्टा लावत बसली होती.

"लवकर चल गं बाई," मी म्हणालो.

"सर, तुम्ही व्हा ना पुढं. मी येते की."

"न्हाई," मी म्हणालो. "आधी तू."