आडव्या फळ्या

"अगंबाई! हा तुकडा नको, तव्यासारखा तापलाय," म्हणत तिने पाऊल झटकन उचलले.

सकाळपासून उन्हात ठेवलेले तीन तुकडे सुताराने बायकोच्या चाकांच्या खुर्चीपुढे मांडले होते: पाइन, साग आणि, तिला चटका बसला ती, भुसा-प्लास्टिकची तयार फळी. आयुष्यभर त्याने लोकांच्या घरांना डेक, म्हणजे दाराबाहेर फळ्यांचे ओटे, बांधून दिले. स्वतःच्या मागच्या दाराबाहेर मात्र दोन पायऱ्या आणि खाली माती. खुर्ची उंबऱ्याशीच अडे. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले होते आणि तिने एवढेच मागितले होते, की बाहेर उन्हात बसायचे.

"बाबा, तयार फळीच घ्या. चार दिवसांत काम होईल," लेक म्हणाली. "शिवाय पंचवीस वर्षांची हमी."

"हमी तू ठेव बाई. मला कुठं पुरवायचीय ती?" आई हसली. "अहो, सागच घ्या. पायांना बरा लागतो. जन्मभर दुसऱ्यांच्या बायकांना सागावर चालवलंत!"

साग आला. पण नव्या लाकडाला जागेची हवा महिनाभर लागल्याखेरीज सुताराने आजवर एकही फळी जडवली नव्हती. मध्ये पट्ट्या घालून त्याने फळ्या भिंतीशी रचून ठेवल्या.

"पिळल्या तर पिळू देत ना, बाबा!" लेकीचा आवाज चढला.

"फळी पिळली की फट वाढते. त्यात चाक अडकून तुझी आई तोंडावर पडली तर?"

"राहू दे गं," आतून आवाज आला. "त्यांचं काम त्यांना कळतं. मी थांबते."

सतराव्या दिवशी ती गेली.

महिना भरला तेव्हा सुताराने अवजारे काढली. फळ्या सुतासारख्या सरळ होत्या. खुर्चीचे चाक फटीत जाऊ नये म्हणून त्या दारासमोर आडव्या बसवायच्या, असे त्याने तिच्यादेखत आखले होते.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "आता उभ्या टाकल्या तरी चालतील. कापाकापी वाचेल."

"आडव्याच बसतील." त्याने पेन्सिल कानामागे खोचली. फळीवरून अंगठा फिरवला. "चार दिवसांत झालं असतं, नाही का गं?"

लेकीने खाली वाकून फळीचे दुसरे टोक उचलले.

तिसऱ्या दिवशी, ऊन उतरायच्या आत, शेवटचा स्क्रू बसला. सुतार घरात गेला आणि रिकामी खुर्ची घेऊन आला. उंबऱ्यावर त्याने ती सवयीने किंचित मागे कलती केली आणि धक्का न लावता अलगद या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली. चाक कुठेही अडले नाही.

खुर्चीचे तोंड उन्हाकडे करून त्याने ब्रेक लावला.