लेकीने आपटलेली ओळ

"शब्दकोश मी केला. ही तर रजेवर पाळणा हलवत होती," साहेब बैठकीत हाताखालच्या संपादिकेकडे बोट दाखवत म्हणाले. उद्या कोश त्यांच्या नावाने छापायला जाणार होता.

आयत्या बिळावरचा नागोबा बाहेर काढायला तिने हाच दिवस निवडला होता. मोठ्या पडद्यावर तिने कमांड दिली: माझ्या जुन्या आणि साहेबांच्या नव्या फाइलीत जशाच्या तशा असलेल्या ओळी दाखव. सरसर नऊशे ओळी उतरल्या.

"शब्द तेच, मग अर्थही तेच असणार ना," साहेब हसले.

सगळ्यात खाली होतं, "हहहपपप७७मम". रजेत कोशाचं काम करताना मांडीवरच्या लेकीने कीबोर्डवर हात आपटले होते, आईला ते पुसवलं नव्हतं.

"साहेब, एवढ्या शब्दाचा अर्थ सांगा," ती गोड आवाजात म्हणाली. "सगळे थांबलेत."