प्रस्थानाची बॅग

मला एका जागी उभं राहणं जमत नाही, मित्रांनो. ज्याला चार चाकं लावून जगात पाठवलं, त्यानं भिंतीला टेकून गप्प राहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मी एक जुनी, विटकरी रंगाची प्रवासी बॅग, आणि जवळजवळ दीड वर्ष मी भिंतीला टेकूनच काढलं. तेव्हाची माझी तगमग तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म नाशिकजवळच्या एका कारखान्यात झाला. तिथे एक बाई माझी चेन सारखी उघडमीट करून बघायची आणि एक दांडगा माणूस मला मुद्दाम जमिनीवर आपटायचा. मी फुटले नाही म्हणून पास झाले. पुढे साताऱ्याच्या दुकानातून प्रमोदिनीबाईंनी मला घरी आणलं. त्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा मुलगा शिरीष आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळ ल्यूकनला राहतो आणि चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याच्याकडे मी बाईंबरोबर दोनदा जाऊन आले. जाताना माझ्या पोटात मेतकूट, गोडा मसाला आणि डिंकाचे लाडू ठासून भरलेले असत. विमानतळावरच्या फिरत्या पट्ट्यावर मी दिसले की बाई मोठ्यानं म्हणत, "आली बघा माझी शहाणी!" कौतुक कुणाला आवडत नाही?

तिसऱ्या खेपेला, २०२०च्या सुरुवातीला, बाईंच्या मनात आणखी एक गोष्ट होती. नोकरीभर त्यांनी फळ्यावर आल्प्स पर्वत काढला होता, पांढऱ्या खडूनं त्यावर बर्फ घातला होता. खरा बर्फाचा डोंगर मात्र एकदाही पाहिला नव्हता. आता गुडघे चढू देत नव्हते. म्हणून शिरीषनं ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक शहरात एक नवंकोरं हॉटेल शोधलं. भर शहरात, पण खोलीची एक अख्खी भिंत काचेची आणि समोर डोंगर. "आई, तू नुसतं पलंगावर बसायचं, डोंगर तुझ्याकडे येईल," असं तो म्हणाला होता. त्यासाठीचा वेगळा व्हिसाही बाई मुंबईहून काढून आल्या होत्या. मार्चमधल्या सेंट पॅट्रिकच्या सुट्टीत सगळ्यांनी निघायचं ठरलं.

घोटाळा एवढाच की विमान शनिवारचं होतं. शनिवारी पूर्वेला जायचं नाही, दिशाशूळ असतो, हे बाईंचं ठाम मत. तिकिटं बदलता येईनात. मग त्यांनी प्रस्थान ठेवायचं ठरवलं. मित्रांनो, तुम्हाला ही पद्धत माहीत नसेल. जायचा दिवस चांगला नसेल, तर आधीच्या चांगल्या दिवशी सामानातली एखादी वस्तू जायच्या दिशेला, दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवतात. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मात्र बाहेर पडलेलं प्रस्थान प्रवास झाल्याशिवाय घरात परत घ्यायचं नसतं, असं बाई मानायच्या.

बुधवारी त्यांनी मला भरलं, आत सुपारी आणि अक्षता ठेवून चेन लावली आणि पूर्वेच्या शेजाऱ्यांच्या दारात नेलं. तिथे नोएल एकटे राहत. आयुष्यभर बस चालवून ते निवृत्त झाले होते. शिरीष ओशाळून म्हणाला, "इट्स जस्ट अ थिंग माय मदर डझ, नोएल. ओन्ली टिल सॅटर्डे."

"अह शुअर, लीव्ह हर इन द हॉल," नोएल म्हणाले. "शी विल बी ग्रँड देअर."

शनिवार उजाडायच्या आत करोनामुळे सगळं बंद झालं. शाळा बंद, विमानं रद्द, इन्सब्रुक तर टाळं लावल्यासारखं. मी नोएलच्या दारामागे कोटांच्या खुंट्यांखाली उभी होते आणि मागच्या बागेतलं बोलणं मला उघड्या दारातून ऐकू येत होतं.

"आई, बॅग घेऊन येऊ का परत?"

"अजिबात नाही. ती निघालीय."

"अगं, पण तुझे सगळे स्वेटर तिच्यात आहेत!"

"असू देत. मला तुझी ती टोपीवाली हुडी दे."

म्हणजे झालं काय, की बाई कुडकुडत मुलाची हुडी घालून बसल्या आणि त्यांचे उबदार स्वेटर माझ्या पोटात घडी मोडल्याविना राहिले. मला राग यायचा. निघालीय, निघालीय म्हणतात, आणि मी तर खुंटीखालून वीतभर हलले नव्हते!

सत्तरीपुढच्या माणसांनी घराबाहेर पडायचं नाही, असा सरकारचा हुकूम होता. बाईही सत्तरीपुढच्या आणि नोएलही. दोघं आपापल्या बागेत, मधल्या लाकडी कुंपणाच्या अलीकडे-पलीकडे खुर्च्या टाकून बसत. बाई मराठीत बोलत, नोएल इंग्रजीत. बाई विचारत, "बॅग?" नोएल अंगठा वर करून म्हणत, "ग्रँड!" शंकरपाळ्यांचा डबा कुंपणावरून इकडे येई आणि सोडा ब्रेड तिकडे जाई. पण संध्याकाळी दार लावलं की नोएल दारापासून स्वयंपाकघरापर्यंत येरझारा घालत. जन्मभर गाव फिरवलेला माणूस, त्याला घर पुरेना. फरशी पुसायच्या दिवशी ते मला आतपर्यंत ढकलत नेत आणि म्हणत, "स्ट्रेच युअर लेग्ज, मिसेस." तेवढ्या चार पावलांसाठी मी आठवडाभर वाट बघायची.

ऑगस्टमध्ये खास विमानानं बाई भारतात परतल्या. मला न घेता. कुंपणाशी उभं राहून त्या म्हणाल्या, "सांभाळा हं तिला. मी येते आणि मग जाऊ." सुरुचीनं, म्हणजे त्यांच्या सुनेनं, नोएलना ते इंग्रजीत सांगितलं. नोएलनी टोपी काढून मान हलवली.

हिवाळा आला, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची मनाई आली. पुढच्या वसंतात साताऱ्याहून वाईट बातमी आली. बाई आजारी पडल्या, दवाखान्यात होत्या, प्राणवायू लावला होता. शिरीषला जाताही येईना. तो रोज रस्त्यावर फेऱ्या मारायचा, आणि नोएल दार उघडून दुरूनच बाईंची चौकशी करायचे, "हाउ इज हरसेल्फ?" एकदाचं उत्तर आलं की त्या घरी आल्या, जेवू लागल्या. पण फुप्फुसं अशक्त झाली होती. डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास कायमचा बंद सांगितला.

जुलैत प्रवासाला परवानगी मिळाली तेव्हा शिरीष म्हणाला, आता आपण जायचंच नाही. त्यावर फोनवर बाई कडाडल्या. सुरुचीनं तो फोन नोएलच्या दारातच, त्यांना दाखवायला म्हणून लावला होता, त्यामुळे मी सगळं ऐकलं.

"माझं जाणं आता होत नाही, हे मला कळलंय. त्यावर रडून झालंय माझं. पण बॅग निघालीय, ती पोचली पाहिजे. आणि माझी खोली रिकामी ठेवायची नाही. त्यांना न्या."

"कुणाला, आई?"

"बॅग ज्यांनी सांभाळली त्यांना."

सुरुचीनं ते इंग्रजीत सांगताच नोएल मागे सरले. "अह नो. आय कुडन्ट, नो." तेव्हा बाईंची दहा वर्षांची नात तन्वी म्हणाली, "बट आजी सेज यू हॅव टू, नोएल. इट्स काइंड ऑफ अ रूल."

नोएलनी माझ्याकडे पाहिलं. "वेल," ते म्हणाले, "इफ इट्स अ रूल."

ऑगस्टअखेर आम्ही निघालो. सुरुचीनं सगळ्यांच्या हातावर दही-साखर ठेवली, नोएलनीही ती चाटून खाल्ली. मला शिरीषच्या उंबऱ्याला न लावता थेट गाडीत चढवलं. विमानतळाच्या पट्ट्यावर पडल्यावर मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्या एका बॅगेला मुद्दाम धक्का दिला. म्युनिकपर्यंत विमान, पुढे आगगाडी, मग ते हॉटेल. आपोआप उघडणारी दारं, चकचकीत लिफ्ट, सहावा मजला. नोएलनी बाईंच्या खोलीचा पडदा ओढला.

डोंगर नव्हताच. नुसता राखाडी ढग आणि पाऊस.

दुसऱ्या दिवशीही तेच. शिरीष, सुरुची आणि तन्वी छत्र्या घेऊन शहर बघायला गेले. नोएल गेले नाहीत. आपण बाहेर असताना डोंगर उघडला तर, या धास्तीनं ते काचेसमोरून हलेनात. उठायचे, बसायचे, काच पुसायचे. आमच्या विमानाची वेळ जवळ येत होती आणि मलाही वाटू लागलं की एवढं येऊन आपण हात हलवत परतणार.

निघायच्या सकाळी नोएलनी दार ठोठावून तन्वीला बोलावलं. ढग फाटला होता. घरांच्या छपरांच्या वर, इतका जवळ की मला मागे सरावंसं वाटलं, डोंगर उभा होता आणि रात्रीतून त्याच्या माथ्यावर ताजा बर्फ पडला होता. नोएलनी बाईंना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन काचेसमोर धरला. त्यांचे डोळे भरून वाहत होते.

तन्वी फोनच्या पडद्यात डोकावली आणि ओरडली, "नोएल, इट्स द राँग कॅमेरा! शी कॅन ओन्ली सी यू!" तिनं बटण दाबायला बोट पुढे केलं.

"राहू दे गं," फोनमधून बाईंचा दमलेला आवाज आला. "फिरवू नकोस. दिसतोय मला डोंगर."

नोएलना मराठी येत नाही. तन्वीनं बोट मागे घेतलं, आणि त्यांना काही समजावून सांगितलं नाही. बराच वेळ ते तसेच उभे राहिले, आणि बाई बघत राहिल्या.

मित्रांनो, परतीच्या वाटेवर म्युनिकच्या स्टेशनात माझं एक चाक निखळलं. हल्ली मी ल्यूकनला जिन्याखाली पडून आहे आणि माझ्यात जुने पडदे कोंबलेत. एक विनंती करते. तुमच्या घरात कुणाचं जायचं राहून गेलं असेल, तर त्यांच्यासाठी तुम्ही जा. आणि तिथे पोचलात की नुसते फोटो पाठवू नका, जरा वेळ त्यांना तुमचा चेहरा बघू द्या. आणि हो, माझ्यासारखी एखादी बॅग घरात पडून असेल, तर मोठ्यांना सांगून तिचं चाक तेवढं बसवून घ्या. अजून कितीतरी जणांचं जायचं राहिलेलं आहे.