वडिवूच्या तीन नोकऱ्या आणि मी

मी एक जुना पोपट आहे. तमिळनाडूतल्या पळणीच्या डोंगराखाली, मुरुगनच्या देवळाच्या पायऱ्या सुरू होतात तिथे बसून मी आयुष्यभर लोकांचे भविष्य काढले. पण मित्रांनो, भविष्य मला कधीच कळले नाही. मला फक्त पत्ता ओढता येतो.

पंख नीट फुटायच्या आधीच मला कुणीतरी ढोलीतून काढले आणि इरुळप्पन नावाच्या पोपटवाल्या ज्योतिष्याला विकले. त्याने माझे पंख कातरले आणि मायेने वाढवलेही. माझे नाव त्याने चेल्लम ठेवले, म्हणजे लाडका. त्याने शिकवलेले काम सोपे होते. पिंजऱ्याबाहेर यायचे, देवांच्या चित्रांचे पत्ते चोचीने बाजूला सारत जायचे, आणि त्याचा अंगठा हलला की चोचीतला पत्ता त्याला द्यायचा. मग साळीचा दाणा मिळे आणि मी आपणहून आत जाई. लोक कौतुक करत. इतके पत्ते माझ्यासमोर असत, पण त्यातला एकही मी निवडलेला नसे.

इरुळप्पनची मुलगी वडिवू आईवाचून माझ्या पिंजऱ्याशेजारीच वाढली. शाळेतून आली की आधी मला मिरची भरवी, मग स्वतः जेवी. पुढे ती मदुरैला डायलिसिसचे यंत्र चालवायला शिकली. ते शिक्षण संपताच तिला एकदम तीन ठिकाणांहून बोलावणे आले. पळणीतलाच एक दवाखाना, चेन्नईतले मुलांचे रुग्णालय आणि दूर मस्कत. तिघांनाही सोमवारी उत्तर हवे होते.

गल्लीत सगळे तिला नशीबवान म्हणू लागले. तिचे जेवण मात्र कमी झाले. ती दारापासून भिंतीपर्यंत जाई आणि परत येई. मी दांडीवर अशाच फेऱ्या मारतो, म्हणून मला ते ओळखू आले. मुत्तम्मा अत्तै, म्हणजे तिची आत्या, रोज येऊन मस्कतचे गुण गाई. पळणीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा निरोप्या येऊन, घरचे जेवण सोडून कुठे जातेस, असे विचारून जाई. इरुळप्पन लाडाने म्हणे, तुझी मर्जी, कण्णा. आणि लगेच गुडघ्याला तेल चोळत, तिला ऐकू जाईल असा कण्हे.

रविवारी ती वैतागून माझ्यासमोर बसली.

"अप्पा, चेल्लमलाच विचारू या. मुरुगन म्हणजे पळणी, गणपती म्हणजे चेन्नई, लक्ष्मी म्हणजे मस्कत."

इरुळप्पन हसला. त्याने तीन पत्ते मांडले आणि दार उघडले. मी बाहेर आलो. गणपती सारला, लक्ष्मी सारली. मुरुगन चोचीत धरला आणि अंगठा हलला. मी पत्ता दिला, दाणा घेतला.

वडिवू पत्त्याकडे बघतच नव्हती.

"अप्पा, तुमचा अंगठा हलला."

"सवय आहे गं."

"परत मांडा. हात पाठीमागे घ्या."

त्याने हात पाठीमागे घेतले. मी पुन्हा बाहेर आलो. तिन्ही पत्ते सारून झाले, पण काहीच हलले नाही. मी त्याच्या तोंडाकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले. मला भीती वाटू लागली. शेवटी पत्ते तसेच टाकून मी पिंजऱ्यात शिरलो.

"सांगितल्याशिवाय त्याला येत नाही," इरुळप्पन म्हणाला.

"मलाही येत नाही, अप्पा. मी अख्खा आठवडा तुमच्या तोंडाकडे बघतेय."

मग तिने पत्ते एकावर एक रचून ठेवले आणि हळूच म्हणाली, "चेन्नई."

"का?"

"मुलाखत संपल्यावर तिथून निघावंसं वाटत नव्हतं. तेवढंच."

इरुळप्पन गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिला. आज तो कण्हला नाही. तिथे सांबार गोड करतात म्हणे, तुला चालेल का, एवढेच त्याने विचारले. ती हसता हसता रडली.

ती गेली त्याला बराच काळ झाला. पोंगलच्या सणाला येते. तिच्या सांगण्यावरून इरुळप्पनने धंदा बंद केला आणि माझे पंख कातरणेही थांबवले. सकाळी तो पिंजऱ्याचे दार उघडतो आणि लांब जाऊन बसतो. शेजारी म्हणतात, बघा किती माणसाळलेला, दार उघडे असून जात नाही. ते ऐकून मला वाईट वाटते. मी माणसाळलेला नाही. मला जाता येत नाही.

मित्रांनो, पाखरांची पिल्ले ढोलीतच राहू द्या. आणि कुणाला आधीच आत कोंडले असेल, तर दार उघडायला फार उशीर करू नका. पिसे पुन्हा वाढतात. माझीही वाढली आहेत. अलीकडे मी दाराच्या कडेवर येऊन बसतो. समोर नारळाचे झाड आहे. तिथवर जायचे असते एवढे मला कळते. पंख पसरतो, जरा वेळ तसाच धरतो आणि पुन्हा मिटतो.