पहाटे तिथे कोणीही नसतं

आमच्या मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची एक दोरी आहे. तिच्यावर रोज सकाळी वहिनींचा निळा गाऊन ठिबकत असायचा. मी वरच्या मजल्यावर राहतो. दादा गेल्यापासून खाली वहिनी एकट्याच असतात. जेवण एकत्र, बाकी ज्याचं त्याचं. खिडकीतून तो गाऊन दिसला की मी समजायचो, वहिनी टाक्यावर जाऊन आल्या, आता चहा होईल.

एका सकाळी दोरी कोरडी होती. दुसऱ्या सकाळीही कोरडी. चहाला खाली गेलो तेव्हा कपात बघत मी विचारलं, "गेला नाहीत?"

"थंडी वाजते हल्ली," वहिनी म्हणाल्या.

थंडी अजिबात नव्हती. मी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून तळाशी गेलं, आणि मी ते चमच्याने शोधत बसलो. कारण काय असावं याचा अंदाज मला त्याच क्षणी आला होता. पण अंदाज येणं वेगळं आणि तोंड उघडणं वेगळं. दुसरं मला आयुष्यात कधी जमलेलं नाही.

टाकं गावाच्या टोकाला आहे. तिथे मिठाचं एक पडकं गोदाम आहे, त्याच्या मागच्या भिंतीला खिंडार पडलंय, आणि त्या खिंडारातून खडकात खोदलेल्या पायऱ्या समुद्राकडे उतरतात. खाली चौकोनी टाकं, छातीभर पाण्याचं. किल्ल्यावरच्या सैनिकांनी ते घोड्यांसाठी खोदलं, असं दादा सांगायचा. दमलेले घोडे खाऱ्या पाण्यात उभे करायचे, म्हणजे त्यांचे पाय मोकळे व्हायचे. पुढे खडकाची भिंत असल्यामुळे लाट आत येत नाही.

वहिनींचे गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलं. वहिनींना टाकं आठवलं. "घोड्यांना चाललं ते मला चालेल," त्या म्हणाल्या. सुरुवातीला पायऱ्यांवर सोबत हवी म्हणून त्यांनी मला नेलं. मी खिंडारापाशी समुद्राकडे पाठ करून पुस्तक वाचत बसायचो. खालून पाण्याचा आवाज यायचा, आणि कधीकधी वहिनींचं गुणगुणणं. घरात त्या कधी गात नाहीत. पाण्यात त्यांना काठी लागत नव्हती. मग त्या एकट्या जाऊ लागल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "कोणाला सांगू नका हो भाऊजी. म्हातारी गाऊन घालून डुंबते म्हणून लोक हसतील."

मी कोणाला सांगितलं नाही, हे अगदी खरं आहे. मी फक्त छापलं.

झालं असं, की पर्यटन कार्यालयातल्या बाईंना एक पुस्तिका हवी होती. सगळे पाहुणे मोठ्या किल्ल्यावर जातात, फोटो काढतात आणि परततात. आसपासच्या किनाऱ्यावर जी कमी माहितीची जुनी ठिकाणं आहेत, तिकडे कोणी फिरकत नाही. मी जन्मभर वाचनालयात नोकरी केली, म्हणून कोणीतरी त्यांना माझं नाव सुचवलं. मी बारा ठिकाणं लिहून नेली. वाळूत अर्धी बुडालेली जकात नाक्याची कमान, खलाशांची दफनभूमी, दोरखंड वळायची लांबलचक शेड, असं बरंच काही. सगळं पुस्तकांतून काढलेलं. बाईंनी वाचलं आणि हसून म्हणाल्या, "सर, छान आहे, पण हे सगळं कुठे ना कुठे आलेलं आहे. एखादं तरी असं द्या ना, जे फक्त तुम्हालाच माहीत आहे."

फक्त मलाच माहीत असलेलं. असं मला तोवर कोणी म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी बारावं ठिकाण खोडलं आणि त्या जागी टाकं लिहिलं. चांगलं लिहिलं, असं तेव्हा वाटलं होतं. वहिनींचा उल्लेख अर्थातच टाळला. एका बाईमाणसाच्या अंघोळीबद्दल कसं लिहिणार? तेवढी सभ्यता माझ्यात आहे. म्हणून शेवटचं वाक्य असं केलं: ‘शक्यतो पहाटे या. तेव्हा इथे कोणीही नसतं.’

पुस्तिकेची पहिली प्रत मी वहिनींनाच दिली. त्यांनी चष्मा लावून चाळली. "अक्षर मोठं आहे, बरं झालं," म्हणाल्या, आणि ती फळीवर डब्याशेजारी ठेवली.

दोरी कोरडी दिसल्यावर चार-पाच दिवसांनी मी पहाटे गोदामाकडे गेलो. गोदामाबाहेर गाड्या उभ्या होत्या. खाली तरुण पोरंपोरी, टॉवेल, थर्मास. टाक्यात इतकी माणसं की पाणी दिसेना. एका गृहस्थाने मला वाट करून दिली.

"या आजोबा. पहिल्यांदाच आलात का?"

"हो," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

"या पुस्तकात दिलंय बघा. पहाटे कोणी नसतं म्हणे." त्याने गर्दीकडे हात केला. "लिहिणारा भेटला तर एक गटांगळी खायला लावणार आहोत."

सगळे हसले. मीही हसलो.

तिथून तडक पर्यटन कार्यालयात गेलो. बाई खुशीत होत्या. "सर, तुमचं बारावं ठिकाण काय चाललंय म्हणून सांगू. बाकीच्या अकरांचं कोणी नावही काढत नाही."

"ते काढता येईल का?"

"काढायचं? का?"

खरं कारण जिभेवर आलं होतं. पण कार्यालयात आणखी दोघे बसले होते आणि ते माझ्याकडे बघत होते. "पायऱ्यांवर शेवाळ आहे," मी म्हणालो. "कोणी घसरेल."

"अरे, हे बरं सांगितलंत," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

पुढच्या पंधरवड्यात पायऱ्या घासून निघाल्या, लोखंडी कठडा बसला आणि खिंडारापाशी एक पाटी लागली. तिच्यावर माझं वाक्य, हातभर उंचीच्या अक्षरांत. मी ते थांबवायला गेलो होतो आणि त्यांना रस्ता करून देऊन आलो. माझी धाव कायम अशीच.

इकडे वहिनींचं चालणं कमी होत गेलं. आधी वर यायच्या बंद झाल्या. मग बाजार मी करू लागलो. मग अंगणातल्या दोन पायऱ्या त्या बसून उतरताना मला खिडकीतून दिसल्या. एक पाय पुढे, मग हातावर भार, मग दुसरा पाय. उतरल्यावर त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी बघितलं तर नाही ना, असं. मी खिडकीतून मागे सरलो.

त्या दुपारी मी खाली गेलो. वहिनी शेंगा सोलत होत्या. मी समोर बसलो आणि एक शेंग उचलली.

"वहिनी, टाक्यावर गर्दी असते हल्ली."

"माहीत आहे."

"त्या पुस्तिकेमुळे."

"तेही माहीत आहे. मला वाचता येतं, भाऊजी." दाणे ताटात पडत राहिले. "तुम्ही दिलीत त्याच दुपारी वाचली. म्हटलं, बघू, किती दिवसांनी तोंड उघडतात. फार दिवस लावलेत."

"चुकलं माझं."

"काय चुकलं?"

"तुमचा उल्लेख कसा करणार, म्हणून मी—"

"कोणीही नसतं म्हणून लिहिलंत. मी रोज तिथे असताना. वाचून मी स्वतःला चिमटा काढून पाहिला, आहे की गेले."

"तसं नव्हतं हो. तुमची लाज राखायला म्हणून लिहिलं."

"लाज राखायची तर जागाच लिहायची नव्हती." आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. "मला एवढं एकच होतं. घरात मी म्हातारी, बाजारात म्हातारी. तिथे गुडघे माझं ऐकायचे."

मी शेंग सोलत होतो, पण दाणे सालांत टाकत होतो आणि सालं ताटात. वहिनींनी ताट पुढे ओढून घेतलं.

"आता मला ते काढून टाकता येणार नाही," मी म्हणालो. "पाटी लागलीय."

"पाटी राहू दे. उद्या पहाटे मी जाणार. तुम्ही पूर्वीसारखं वर बसायचं. मी खाली असेन तोवर एकालाही खाली सोडायचं नाही."

"मी? त्यांना काय सांगू?"

"बोला काहीतरी. अकरा जागा उरल्यात ना तुमच्या? त्यांच्याबद्दल सांगा."

"अनोळखी माणसांशी मला..."

"माहीत आहे," वहिनी म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आम्ही निघालो. पायऱ्या उतरायला वहिनींना फार वेळ लागला. कठड्याचा उपयोग झाला, हे कबूल करायला हवं. "शेवटची घोडी आली रे," असं पाण्याला सांगत त्या आत उतरल्या. मी वर जाऊन पाटीखाली स्टूल टाकलं. पुस्तक नेलं होतं, पण एक ओळ डोक्यात शिरली नाही.

मग पहिलं जोडपं आलं. मी उठून उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरले, मांजर अडवावं तसे.

"काय झालं आजोबा? बंद आहे?"

"नाही. म्हणजे, आत आहेत."

"कोण?"

"माझ्या वहिनी," मी म्हणालो. "अर्धा तास. तोवर तुम्ही कमान पाहून या. वाळूतली. जकात नाक्याची होती ती, फार जुनी आहे." मग मी बोलत सुटलो. कमानीवरचा कोरलेला तराजू, गलबतं कुठे लागायची, सगळं वाचलेलं. त्यांनी ऐकलं. वाट विचारली. मुलगी म्हणाली, "इतकं सुंदर आहे तर गर्दी नसते का तिथे?"

"नाही," मी म्हणालो. "कोणीही नसतं."

ते गेले. खालून पाणी हलल्याचा आवाज येत होता, आणि थोड्या वेळाने, अगदी बारीक, गुणगुणणं. त्या सकाळी दोरीवर गाऊन ठिबकला.

महिना होत आला. बोलायची थोडी सवय झाली आहे. काही जण कुरकुरतात, बहुतेक ऐकतात. कमानीकडे मी पुष्कळांना पाठवलं. काल ते पहिलं जोडपं पुन्हा आलं, सोबत मित्र घेऊन.

"आजोबा, कमान मस्त आहे हो," मुलगी म्हणाली. "आम्ही परत जाऊन आलो. आता बरेच लोक येतात."

"तुम्ही पहिल्यांदा गेलात तेव्हा कोणी नव्हतं ना?"

"कोणी नाही." तिने आठवून पाहिलं. "एक माणूस होता फक्त. कमानीच्या सावलीत चटई टाकून एका आजींना जेवण भरवत होता. त्याची आई असेल. आम्ही फोटो काढायला लागलो तसं त्याने सगळं आवरलं आणि तिला उचलून घेऊन गेला."

"परत गेलात तेव्हा होते का ते?"

"तेव्हा? नाही, तेव्हा नव्हते." ती जरा गोंधळली. "का हो?"

त्या अकरा जागांपैकी एकही मी पाहिलेली नाही, हे मी तिला कसं सांगणार होतो. पुस्तकांत जे नव्हतं ते तिथे नसेलच, असं मी धरून चाललो होतो.

खालून वहिनींनी हाक मारली. मी उतरून हात दिला. त्यांचा हात गार आणि ओला होता, आणि पकडीत जोर होता. पायऱ्यांवर त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज गप्पसे? कोणी भांडलं का?"

"नाही."

"मग?"

"उद्या मला त्या कमानीपाशी जाऊन बसलं पाहिजे, वहिनी," मी म्हणालो. "दिवसभर. आले तर त्यांच्यासाठी."

कोण, ते मी सांगितलं. ऐकता ऐकता त्या एका पायरीवर थांबल्या. दम लागला म्हणून की काय, कळलं नाही. समुद्राकडे बघत राहिल्या, मग वरच्या पाटीकडे.

"आणि इथे?" त्या म्हणाल्या.

वर गाड्यांची दारं लागल्याचे आवाज येत होते. वहिनींनी ओला गाऊन एका हाताने पिळला, काठी घेतली, आणि आम्ही एकेक पायरी चढू लागलो.